सत्ताविसावी भट्टी

"हाही मुका," असं म्हणून तिनं नग डावीकडे सरकवला आणि त्याच्या पाठीवर खडूनं फुली मारली.

"किती झाले?" शिक्केसाहेबांनी वर न बघता विचारलं.

"एकाहत्तर."

"सहाशेंत एकाहत्तर? तीस म्हण."

"एकाहत्तर आहेत साहेब."

"बरं, चाळीस. शेवटचं."

"साहेब, मी भाजी नाही विकत."

शिक्केसाहेबांनी शिक्का शाईच्या गादीवर आपटला आणि खिडकीतून बाहेर बघितलं. फाटकाशी ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर सकाळपासून दर पंधरा मिनिटांनी भोंगा वाजवत होता.

विजेच्या खांबावर तारा ज्यांच्यावर टेकतात ते चिनीमातीचे इन्शुलेटर या कारखान्यात व्हायचे. भट्टीतून निघून थंड झालेला प्रत्येक नग तिच्या टेबलावर यायचा. ती अंगठ्याएवढ्या लाकडी हातोडीनं त्याला टोला द्यायची आणि कान लावायची. धड नग घंटेसारखा घुमतो. आत केसाएवढी चीर असली तर घुमत नाही, नुसता ठप्प म्हणतो. चीर डोळ्याला दिसत नाही, भिंगालाही दिसत नाही. बाजारात मडकं घेताना बायका ते वाजवून बघतात, त्यातलाच प्रकार. फक्त मडकं फुटलं तर पाणी सांडतं आणि हा नग फुटला तर तार खाली येते. घुमणाऱ्याला कारखान्यात बोलका म्हणत आणि न घुमणाऱ्याला मुका. या दुसऱ्या शब्दावरून भट्टीवरचे पुरुष एकोणीस वर्षं एकच विनोद करत आले होते. "काय बाई, आज किती मुके?" असं रोज कुणीतरी विचारायचं आणि रोज कुणीतरी हसायचं. तिनं पहिल्या वर्षी रडून पाहिलं, दुसऱ्या वर्षी तक्रार करून पाहिली, आणि तिसऱ्या वर्षापासून ती आकडा सांगायला लागली.

तिला नाव होतं. पण ते उच्चारायला जीभ वळत नाही असं पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, आणि मग कुणाचीच वळली नाही. सगळे तिला कानवाली म्हणत. ती पुलापलीकडची. तिच्या वस्तीतल्या माणसांची बोली वेगळी, बायकांच्या डोक्याला रुमाल. कामावर लागली तेव्हाच्या साहेबांनी विचारलं होतं, कान झाकून ऐकणार काय तू? तेव्हापासून ती रुमाल कानांच्या मागून घट्ट बांधायची, आणि त्यामुळे तिचे कान आहेत त्यापेक्षा मोठे दिसायचे. नग तपासायचं यंत्र आणायचं दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी कुणीतरी म्हणायचं, कानवाली आहे ना.

नग बोलका की मुका ते ती सांगायची, पण शिक्का मारायचा अधिकार मुख्य तपासनिसाचा. 'तपासले' एवढाच एक शब्द, हिरव्या शाईत. त्या जागेसाठी तिनं तीनदा अर्ज केला होता. पहिल्यांदा कळलं की बाईमाणसाला भट्टीवरच्या पुरुषांकडून काम करून घेणं जमायचं नाही. दुसऱ्यांदा कळलं की गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं आणि तिच्या बोलण्याला पलीकडचा हेल आहे. तिसऱ्यांदा अर्जच सापडला नाही. दर वेळी कुणी नवा माणूस यायचा आणि ती त्याला ऐकायला शिकवायची. पहिला शिकला. दुसरा शिकला आणि बढती घेऊन गेला. तिसरे हे शिक्केसाहेब, विक्री विभागातून आलेले, व्यवस्थापकांचे साडू. त्यांना उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं आणि डाव्यानं ऐकायची इच्छा नव्हती. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो तरी फणा काढतो. हे नुसते वेटोळं घालून बसले होते.

"मावशी," शिक्केसाहेबांनी हाक मारली, "ओलं फडकं आण."

पॅकिंगमधली मावशी फडकं घेऊन आली. ती पुलाच्या अलीकडचीच, वयानं मोठी, आणि सगळ्या कारखान्यात कानवालीला जेवताना शेजारी बसवून घेणारी एकटीच. म्हणजे बाकावर शेजारी. कप मात्र कानवालीचा वेगळा असायचा, खिडकीच्या कट्ट्यावर. तो तिथं कुणी ठेवला हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"या सगळ्या फुल्या पूस."

"साहेब, हे नग मुके आहेत," कानवाली म्हणाली.

"तुला मुके वाटतात. सहाशेची मागणी आहे, सहाशेच जायला पाहिजेत. कमी गेले तर अख्खा माल परत येईल. मग तूच जा समजवायला, तुझ्या त्या गोड बोलीत."

मावशीनं कानवालीकडे बघितलं नाही. खाली मान घालून तिनं एकेक फुली पुसली. शिक्केसाहेब तिच्यामागून शिक्के मारत गेले. एकाहत्तर शिक्क्यांना पाच मिनिटंही लागली नाहीत.

खडू पुसला जातो हे कानवालीला ठाऊक होतं. असं पूर्वीही दोनदा झालं होतं, आणि म्हणून तिनं एक गोष्ट सुरू केली होती. नगाच्या बुडाला कडेशी झिलई नसते. त्या कोऱ्या कडेवर शाईच्या पेन्सिलीची खूण केली की ती मातीत मुरते आणि जन्मात जात नाही. मुक्या नगाच्या बुडाशी, खडूची फुली मारण्याआधी, ती पेन्सिलीचं टोक जिभेला लावून एक बारीक आकडी काढायची. त्यामुळे तिच्या जिभेवर कायम जांभळा डाग असायचा आणि नवरा म्हणायचा, काय गं, दौत प्यायलीस का? ही खूण कशासाठी, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. आपण सांगितलं होतं, एवढं कुठंतरी लिहिलेलं असावं, इतकंच.

सत्ताविसाव्या भट्टीचे सहाशे नग त्या दिवशी, बारा तारखेला, ट्रकमधून गेले.

*

सहा आठवड्यांनी तिला व्यवस्थापकांनी खोलीत बोलावलं.

"बसा," व्यवस्थापक म्हणाले.

तिनं मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. एकोणीस वर्षांत या खोलीत तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं आणि अहो-जाहो तर मुळीच केलं नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"अभिनंदन. मुख्य तपासनीस म्हणून तुमची नेमणूक झालीय. पुलापलीकडची पहिली बाई हं. कारखान्याला अभिमान आहे."

या माणसापुढे रडायचं नाही एवढंच तिनं ठरवलं.

"उशीर झाला, मला मान्य आहे," व्यवस्थापक पुढं म्हणाले. "तुमच्यावर अन्यायच झाला. म्हणून मी काय केलं, नेमणूक मागच्या तारखेपासून दिली. गेल्या महिन्याच्या एक तारखेपासून. ज्येष्ठतेत तुमचे जवळजवळ दोन महिने वाढतात."

"पण तेव्हा तर शिक्का साहेबांकडे..."

"त्यांची बदलीही त्याच तारखेपासून दाखवलीय. विक्रीत परत. तुम्ही कशाला काळजी करता? इथं सही करा. इथं. आणि इथं लिहा, 'कार्यभार घेतला', आणि खाली तारीख. आजची नाही, पत्रातली. नाहीतर ज्येष्ठता जाईल तुमची."

तिनं लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहिलं. एक तारीख घातली. सत्ताविसावी भट्टी तिच्या डोक्यातही आली नाही. आनंदात कुणाला भट्ट्या आठवतात?

"आणि हो, उद्या फोटो आहे. तेवढा तो रुमाल... म्हणजे माझं काही नाही. पण गिऱ्हाइकं सगळ्या तऱ्हेची असतात."

फोटोचं तिला नवल नव्हतं. कारखान्याच्या कॅलेंडरवर ती तीन वर्षांपूर्वी झळकली होती, हातोडी कानाशी धरून, रुमालासकट, खाली 'येथे सर्वांना समान संधी'. गिऱ्हाइकं कारखाना बघायला आली की मात्र तिला मागच्या गोदामात पाठवायचे. उद्याचा फोटो कार्यालयातल्या भिंतीवर लागणार होता, सगळ्या साहेबांच्या रांगेत.

घरी नवरा खिडकीशी भिंग डोळ्याला लावून बसला होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. तिनं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं भिंग न काढताच ते वाचलं, दोनदा वाचलं.

"साहेब झालीस तू," तो म्हणाला. मग उठून त्यानं खुर्ची पुसली. "बसा साहेब."

"पुरे हो."

"पण ही तारीख कसली? काटे मागं फिरवायला मी पैसे घेतो. हे फुकट कसे फिरवतायत?"

"अहो, एकदा तरी चांगलं बोला. अन्याय झाला होता म्हणून भरपाई दिलीय."

"त्यांनी स्वतः म्हटलं, अन्याय झाला?"

"स्वतः."

"मग जपून राहा," नवरा म्हणाला. पण तो हसत होता, आणि तीही हसली. त्या संध्याकाळी तिनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला सांगितलं, आणि तास उलटायच्या आत तिच्या दारात चपलांचा ढीग झाला. कुणाची सून, कुणाची भाची, कुणाची शिकलेली मुलगी. झिलईच्या खात्यात पुलापलीकडच्या तिघीजणी आधीच होत्या. आता त्यांनाही वर काढ, आमच्या पोरीलाही लाव, असं जो तो म्हणत होता. तिनं सगळ्यांना बघते म्हणून सांगितलं आणि खरंच बघायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं रुमाल सोडून फोटो काढला. कानांना गार वारं लागलं आणि फोटोवाला हनुवटी वर करा म्हणत राहिला.

मग चार दिवस शिक्का तिच्याकडे होता. चारच, पण त्या चार दिवसांत ती जगली असं म्हणायला हरकत नाही. तिनं दोन भट्ट्या अडवल्या. मुके नग स्वतःसमोर फोडायला लावले. ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला तर खिडकीतून ओरडून सांगितलं की भोंग्यानं चीर सांधत नाही. भट्टीवरचे पुरुष गप्प झाले, कारण मुका म्हणावं तर आता फोडायला त्यांनाच लागायचं. तिसऱ्या दिवशी मावशीनं खिडकीतला कप उचलला, विसळला आणि बाकीच्यांच्या कपांत, फळीवर ठेवला.

"इथंच बरा दिसतो गं," मावशी म्हणाली. "सख्ख्या बहिणीसारखी आहेस तू मला."

तिनं ते खरं मानलं. कोण मानणार नाही?

*

पाचव्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. दूरच्या एका गावात खांबावर चढलेला वायरमन, वय सव्वीस, इन्शुलेटर फुटून तार अंगावर आल्यानं जागच्या जागी गेला होता. घटना आठवडाभरापूर्वीची होती. म्हणजे तिला खुर्ची मिळाली त्याच्या आदल्या दिवशीची. बातमीत कारखान्याचं नाव होतं आणि तपासणी प्रमुखाचा फोटो होता. फोटो कॅलेंडरवरचा, रुमालाचा. बिनरुमालाचा भिंतीवर कधी लागलाच नाही.

चौकशी कारखान्याच्या जेवणघरात भरली. तीन टेबलं जोडून वर चादर टाकली होती. वीज खात्याचे अधिकारी मध्ये, व्यवस्थापक त्यांच्या उजवीकडे, शिक्केसाहेब भिंतीशी. बाजूच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसली होती. ती वायरमनची आई. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत फुटलेला नग होता, दोन मोठे तुकडे आणि थोडा चुरा.

कानवाली घाबरलेली होती. पण आतून तिला एक आधार होता. रात्रभर तिनं तोच धरून ठेवला होता. नग मुकाच असणार, आणि मुका असेल तर त्याच्यावर तिची खूण असणार.

"हा नग तपासून कुणी पाठवला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"साहेब, बुडाशी बघा," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा आला. "कडेला बघा. जांभळी आकडी असेल."

अधिकाऱ्यांनी मोठा तुकडा उलटा केला. चष्मा वर सरकवला. "आहे," ते म्हणाले.

तिनं पहिल्यांदा शिक्केसाहेबांकडे सरळ बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. व्यवस्थापकांचा मात्र नाही. ते पुढं वाकून ती आकडी बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत होतं.

"ही खूण तुझी?"

"माझीच साहेब. मुक्या नगाला मी करते. तुम्ही बाकीचेही बघा, सत्तर अजून सापडतील. ते उतरवून घ्या आधी, अजून माणसं आहेत खांबांवर."

"म्हणजे हा नग खराब आहे हे तुला माहीत होतं."

"होतं ना! म्हणून तर सांगितलं होतं की..."

"आणि बारा तारखेला मुख्य तपासनीस कोण होतं?"

व्यवस्थापकांनी एक कागद चादरीवरून अलगद पुढं सरकवला. कागदावर तिचं सुवाच्य अक्षर होतं. कार्यभार घेतला. खाली त्याच महिन्याची एक तारीख.

ती बोलायला लागली. पत्र नंतर दिलं, तारीख घालायला लावली, फुल्या पुसल्या, शिक्का साहेबांनी मारला. बोलताना घाईत तिचा पलीकडचा हेल वाढला, शब्द एकमेकांवर चढले. लिहून घेणाऱ्या कारकुनानं दोनदा "काय?" म्हणून विचारलं आणि तिसऱ्यांदा लेखणी खाली ठेवली.

"हिचं कळत नाही साहेब काय ते," तो म्हणाला.

"फुल्या कुणी पुसल्या म्हणतेस?" अधिकाऱ्यांनी विचारलं. ते वाईट नव्हते. उन्हाची वेळ होती आणि त्यांना संध्याकाळच्या आत परतायचं होतं.

"मावशींनी. त्यांना विचारा. त्यांच्या हातात फडकं होतं."

मावशीला बोलावलं. ती पदरानं हात पुसत आली. हात कोरडेच होते.

"मी पॅकिंगमधली साहेब. फडकं तर माझ्या हातात रोजच असतं. कुठल्या दिवशी काय पुसलं, कसं सांगू?"

"मावशी!"

"मला नाही आठवत गं," मावशी म्हणाली. मग जाताना तिच्याजवळून, फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "माझी चार वर्षं राहिलीत." कानवालीला ते ऐकू गेलं. तिला सगळंच ऐकू जायचं, तेच तर तिचं काम होतं.

तेवढ्यात म्हातारी उठली. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं, पण अडवलंही नाही. पिशवी छातीशी धरून ती कानवालीपुढे येऊन उभी राहिली. रागावलेली नव्हती. काहीतरी समजून घ्यायचं होतं तिला.

"ते म्हणतात तू वाजवून बघतेस. आणि तुला कळतं."

"हो आई."

"मग याचा आवाज तुला ऐकू आला होता?"

नाही म्हणता आलं असतं. सहाशेंतला एक, चुकला माझा कान, असं म्हटलं असतं तर कदाचित सुटलीही असती. चुकीला फार तर खुर्ची जाते. व्यवस्थापकांनीही मान वर करून बघितलं, ही आता काय म्हणते म्हणून. पण म्हातारीचे डोळे तिच्यावर होते, आणि एकोणीस वर्षांत नगाबद्दल ती एकदाही खोटं बोललेली नव्हती.

"ऐकू आला होता," ती म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली. "मग पाठवलास कशाला गं?" असं विचारून ती उत्तराची वाट बघत तिथंच उभी राहिली. शेवटी कुणीतरी तिला धरून बाकावर नेऊन बसवलं.

*

त्यानंतरचं फार लांबवण्यात अर्थ नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं नवरा म्हणाला, आणि तो भिंग लावून बसला. त्याच्याकडे त्या आठवड्यात दुरुस्तीला एकही घड्याळ आलं नव्हतं. तिला नोकरीतून काढलं, गुन्हा नोंदवला गेला. कॅलेंडर उतरवलं. झिलईच्या खात्यातल्या तिघींना सध्या घरी थांबा असं सांगितलं. व्यवस्थापक वर्तमानपत्रवाल्यांना म्हणाले की आम्ही मोठ्या मनानं एकदा संधी देऊन बघितली, आता लोकांनीच काय ते ठरवावं. लोकांनी लगेच ठरवलं. चहाच्या टपरीपासून सभागृहापर्यंत सगळ्यांना एकदम आठवलं की तसल्या बायकांना वर बसवलं की असंच व्हायचं.

आणि पलीकडची माणसं? ज्या दारात चपलांचा ढीग झाला होता, तिथं एका संध्याकाळी झिलईतल्या तिघींपैकी एकीची सासू आली आणि उभ्या उभ्या बोलून गेली. "टेबलावर बसली होतीस ती काय वाईट होती? कुणी सांगितलं होतं वर चढायला? स्वतः पडलीस ते पडलीस, आमच्या सुनेलाही घेऊन पडलीस." ती ना घरची राहिली ना दारची. एवढं होऊनही म्हातारीला काय उत्तर द्यायला हवं होतं, याचाच ती दिवसभर विचार करायची.

सामान जमा करायला तिला एकदाच कारखान्यात बोलावलं. कपाटाची किल्ली, कारखान्याचा कोट, हातोडी. शाईची पेन्सिल आधीच पोलिसांनी पुरावा म्हणून नेली होती. तिनं रुमाल बांधला होता, कानांच्या मागून, सवयीनं. कप खिडकीत परत आला होता. तिनं तो पिशवीत टाकला.

टेबलाशी शिक्केसाहेब बसले होते. तात्पुरते, दुसरा माणूस मिळेपर्यंत. त्यांच्यापुढे नव्या भट्टीचे नग मांडलेले होते आणि बाहेर ट्रक भोंगा वाजवत होता. त्यांनी तिची हातोडी नोंदवून घेतली, टेबलावर ठेवली, आणि ती वळणार तेवढ्यात हळूच म्हणाले, "कानवाली."

ती थांबली.

"जाता जाता हा एवढा बघ ना. मला वाटतं बरा आहे, पण..." त्यांनी डावा कान खाजवला. "म्हणजे उगाच परत काही व्हायला नको."

मावशी पॅकिंगच्या टेबलाशी उभी होती. तिच्या हातात फडकं होतं. ती खाली बघत होती.

इथं कानवालीनं हातोडी त्यांच्या डोक्यात घातली असती तर वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. मलाही वाटलं असतं. पण तिनं पिशवी खाली ठेवली, हातोडी उचलली, नग कानाशी धरला आणि टोला दिला. मग दुसऱ्या बाजूनं दिला.

"मुका," ती म्हणाली.

शिक्केसाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. भोंगा पुन्हा वाजला. "नक्की?" त्यांनी विचारलं, आणि त्यांचा हात शाईच्या गादीकडे गेला.

खडू तिनं शोधला नाही. खिशात हात घातला, पेन्सिल नव्हती. मग तिनं बोट जिभेला लावलं, नग उलटा केला आणि बुडाच्या कोऱ्या कडेवर ओल्या बोटानं एक बारीक आकडी काढली. नग डावीकडे ठेवला, पिशवी उचलली आणि ती चालू लागली.

उकाडा होता. ती फाटकाशी पोचायच्या आत आकडी वाळली असणार.